विश्लेषण : ३८ + ४७ साठी आधी ‘हातचा’च हवा का? मोकळ्या संख्यारेषेवर मुले बेरीज कशी शिकतात?

इयत्ता दुसरी-तिसरीच्या वहीत ३८ + ४७ या बेरजेचे उत्तर ‘७१५’ असे लिहिलेले सापडणे नवीन नाही. आठ आणि सात पंधरा, तीन आणि चार सात. दोन्ही बेरजा बरोबर, उत्तर मात्र चूक. ‘हातचा विसरला’ असे म्हणून लाल फुली मारली जाते आणि पुढचे गणित सुरू होते. पण शंभराच्या आतल्या दोन संख्या मिळून सातशेच्या पुढे कशा जातील, हे त्या मुलाला खटकले का नाही? याचे उत्तर शोधताना मोकळ्या संख्यारेषेची ओळख करून घ्यायला हवी. तिला लागतात फक्त एक पेन्सिल आणि एक आडवी रेघ.

मोकळी संख्यारेषा म्हणजे काय?

पाठ्यपुस्तकातली संख्यारेषा सगळ्यांनी पाहिलेली असते. सरळ रेघ, तिच्यावर सारख्या अंतरावर खुणा आणि प्रत्येक खुणेखाली ०, १, २, ३ असे आकडे. मोकळ्या संख्यारेषेवर यातले काहीच छापलेले नसते. असते ती नुसती कोरी रेघ. बेरजेला लागतील तेवढ्याच संख्या मूल स्वतः तिच्यावर मांडते आणि एका संख्येवरून दुसरीवर जाताना वर कमान काढून ‘किती उडी मारली’ ते लिहिते.

ही रेघ मापात नसते. दहाची उडी दोनाच्या उडीच्या बरोबर पाचपट लांब काढावी, अशी सक्ती नाही. पट्टी लागत नाही, खोडरबरही क्वचितच लागतो. मुलाच्या डोक्यात जो विचार चालला आहे, तो कागदावर दिसावा एवढाच तिचा उपयोग.

खुणा छापलेल्या रेषेत एक अडचण असते. मूल उड्या मारण्याऐवजी खुणा मोजत बसते. ३८ + ४ करताना ‘अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस’ असे चार आकडे मोजून उत्तर ४१ लिहिते, कारण त्याने सुरुवातीची खूणच पहिली उडी म्हणून धरलेली असते. कोऱ्या रेषेवर मोजायला खुणाच नसतात. त्यामुळे ‘कुठून निघालो, किती पुढे गेलो, कुठे पोहोचलो’ असाच विचार करावा लागतो.

एकच बेरीज, किती वाटा?

३८ + ४७ हीच बेरीज घेऊ. रेषेवर ती किमान चार प्रकारे करता येते.

पहिली वाट : ३८ वरून २ ची उडी, आले ४०. तिथून ४० ची उडी, आले ८०. ४७ पैकी ४२ संपले, उरले ५. उत्तर ८५.

दुसरी वाट : ३८ वरून थेट ४० पुढे, आले ७८. मग २ पुढे ८०, आणि ५ पुढे ८५.

तिसरी वाट : मोठ्या संख्येपासून सुरुवात. ४७ वरून ३० पुढे ७७, तिथून ३ पुढे ८०, आणि ५ पुढे ८५.

चौथी वाट : ४७ च्या ऐवजी ५० ची उडी मारायची. ३८ वरून ८८. तीन जास्त गेलो, म्हणून तीन मागे. पुन्हा ८५.

या चारही वाटांत सुरुवातीची संख्या अखंड राहते. सुट्या आकड्यांत तिचे तुकडे होत नाहीत. मूल प्रत्येक पावलाला एका खऱ्या संख्येवर उभे असते : ४०, ७८, ८०, ८५. त्यामुळे ७१५ सारखे उत्तर येण्याची शक्यताच कमी. चुकलेच, तर कोणत्या उडीत चुकले ते शिक्षकाला कागदावर लगेच दिसते. उभ्या मांडणीतल्या चुकीच्या उत्तराकडे पाहून मुलाने काय विचार केला ते कळत नाही. इथे तोच समोर मांडलेला असतो.

वजाबाकीतही हेच. ५२ − ३८ उभे मांडले, तर अनेक मुले ‘आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन’ असे करून २६ लिहितात. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून ती उलटे करतात. रेषेवर हाच प्रश्न ‘३८ पासून ५२ किती लांब?’ असा होतो. २ पुढे ४०, १२ पुढे ५२. अंतर १४. उसने घेण्याचा प्रश्नच येत नाही.

मग उभ्या मांडणीत वाईट काय?

वाईट काहीच नाही. ४,७६८ + ३,९५७ सारख्या बेरजेला उभी मांडणीच सोयीची. आकडे एकाखाली एक मांडायचे, उजवीकडून सुरुवात करायची, हातचा पुढच्या घरात न्यायचा. आकडे कितीही मोठे असोत, नियम बदलत नाही. शतकानुशतके ती टिकली ती याच गुणामुळे.

पण तिचा हाच गुण सात वर्षांच्या मुलासाठी अडचणीचा ठरतो. उभ्या मांडणीत ३८ मधल्या ‘३’ कडे तीस म्हणून पाहावे लागत नाही, नुसते तीन म्हणून पाहिले तरी भागते. संख्येचा अर्थ कळलेल्या माणसाचे त्याने श्रम वाचतात. ज्याला तो अजून कळायचा आहे, त्याला मात्र अर्थाशिवायच काम उरकण्याची सवय लागते. वाद उभी मांडणी शिकवावी की नाही हा नाही. ती कधी शिकवावी, हा आहे.

ही कल्पना आली कुठून?

नेदरलँड्समधून. जर्मनीत जन्मलेले गणितज्ञ हान्स फ्रॉयडेन्थाल (१९०५-१९९०) हे उट्रेख्त विद्यापीठात प्राध्यापक होते. गणित म्हणजे तयार नियमांचा साठा नव्हे, ती माणसाने करायची कृती आहे आणि मुलांनीही ते करत करतच शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. त्या विचारातून ‘वास्तववादी गणित शिक्षण’ नावाचा प्रवाह उभा राहिला. उट्रेख्तमधली संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

डच शाळांनी आधी खुणांची संख्यारेषा वापरून पाहिली, दशक-एककाचे ठोकळे वापरले. खुणांच्या रेषेवर मुले एकेक खूण मोजत. ठोकळे तर हाताने इकडून तिकडे सरकवून उत्तर येई, डोक्याला काम पडेलच असे नाही. १९९० च्या सुमारास आद्री त्रेफर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर मण्यांची माळ आणि तिच्यापाठोपाठ कोरी रेषा असा क्रम पुढे आणला.

याची चाचणीही झाली. क्लाइन, बाइशाउझेन आणि त्रेफर्स या संशोधकांनी १९९८ मध्ये डच दुसरीच्या २७५ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही गटांना मोकळी संख्यारेषाच दिली होती. एका गटाला पहिल्यापासून आपापल्या वाटा शोधू दिल्या, दुसऱ्याला आधी एक पद्धत पक्की करायला लावली. पहिल्या गटाने जास्त निरनिराळ्या वाटा वापरल्या, पण त्यामुळे त्यांचे हिशेबातले कौशल्य घटले नाही. ‘मुलांना मोकळे सोडले तर गोंधळ होईल’ या भीतीवर हे उत्तर महत्त्वाचे आहे. शंभरापर्यंतच्या बेरीज-वजाबाकीसाठी ही रेषा अतिशय प्रभावी साधन आहे, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

मराठी मुलांना तिची जास्त गरज का?

डच आणि मराठी या भाषांत एक साम्य आहे. ८५ ला डच भाषेत ‘पाच-आणि-ऐंशी’ अशा अर्थाचा शब्द आहे. मराठीत ‘पंच्याऐंशी’. दोन्हीकडे एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी. ‘अडतीस’ ऐकून मूल ८३ लिहिते ते याचमुळे. घरी ‘अडतीस’ आणि शाळेत ‘थर्टी-एट’ ऐकणाऱ्या सेमी-इंग्रजीच्या मुलाला तर दोन्ही क्रम एकाच वेळी सांभाळावे लागतात.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २१ चे वाचन ‘वीस एक’, ३२ चे ‘तीस दोन’ असेही देण्यात आले, तेव्हा याच मुद्द्यावर महाराष्ट्रभर वाद पेटला. समाजमाध्यमांवर विनोद फिरले, विधानसभेतही त्याचे पडसाद उमटले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा स्पष्ट केले होते की जुनी नावे काढलेली नाहीत. उलटा क्रम आणि जोडाक्षरे यांमुळे अडखळणाऱ्या मुलांना पर्याय दिला आहे. वाद भाषेच्या अस्मितेवर गेला आणि मूळ अडचण तशीच राहिली.

मोकळी संख्यारेषा ही अडचण दुसऱ्या बाजूने सोडवते. नावे बदलण्याची गरज नाही. ‘अडतीस’ हे रेषेवरचे एक ठिकाण आहे, चाळीसच्या दोन पावले अलीकडे. मुलाला त्याचे आठ आणि तीस असे तुकडे करून, त्यांचा क्रम उलटवून, पुन्हा जोडत बसावे लागत नाही.

मराठी संख्यानामांत तर या रेषेचा विचार आधीपासूनच दडलेला आहे. ३९ ला मराठी माणूस ‘नऊ-तीस’ अशा अर्थाचे नाव देत नाही, ‘एकोणचाळीस’ म्हणतो, म्हणजे चाळीसला एक कमी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशा आठ संख्या आपल्या पुढच्या दशकाच्या नावाने ओळखल्या जातात. ३९ + २६ करायचे असेल, तर नावच वाट दाखवते. एक पुढे चाळीस, उरलेले पंचवीस पुढे पासष्ट. ‘पावणेदोन’ म्हणतानाही आपण दोनकडे पाहून पाव मागे येतो. ‘एकोण’ म्हणजे काय, हे वर्गात एकदा उलगडून सांगितले की पाठ केलेला शब्द मुलाच्या कामाला येतो.

बाजारातला हिशेब आणि वहीतला हिशेब

भाजीवाली ६३ रुपयांचा माल देते, गिऱ्हाईक शंभराची नोट देते. ती कागद-पेन्सिल शोधत नाही. त्रेसष्टात सात घातले की सत्तर, वर तीस घातले की शंभर. सदतीस रुपये परत. ही मोकळी संख्यारेषाच आहे, फक्त रेघ काढलेली नाही.

पण बाजारातले हे शहाणपण शाळेत पोहोचत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास याच विषयावर होता. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी सुमारे १,४०० मुले त्यात होती. गुंतागुंतीचे व्यवहार ती तोंडी अचूक करत होती. तेच गणित पुस्तकी पद्धतीने मांडून दिले की अडत होती. उलट, फक्त शाळेत शिकणाऱ्या मुलांना पुस्तकी गणित जास्त जमत होते, पण बाजारातला व्यवहार दिला की ती चाचपडत होती.

म्हणजे दोन्ही बाजूंच्या मुलांकडे गणित आहे, मधला पूल नाही. तोंडी हिशेबाच्या उड्या कागदावर उतरवणारी रेघ असा एक पूल होऊ शकते. आठवडी बाजारात आईसोबत बसणाऱ्या मुलीला ‘तू सुटे कसे मोजतेस ते फळ्यावर काढून दाखव’ असे कोणी म्हटले, तर तिला जे येते तेही गणितच आहे, हे तिला आणि सगळ्या वर्गाला कळेल.

हा प्रश्न आत्ताच महत्त्वाचा का?

‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत तिसरीतल्या फक्त ३३.७ टक्के मुलांना दोन अंकी हातच्याची वजाबाकी करता आली. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.९ टक्के होते. म्हणजे सुधारणा झाली आहे, तरी तीनपैकी साधारण दोन मुले अजून तिथेच अडलेली आहेत. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि गणित यावे, असे आहे.

मुदत जवळ आली की शाळांवर दडपण येते. दडपणाखाली सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे उभ्या मांडणीची गणिते घोटून घेणे. त्याने चाचणीपुरते आकडे सुधारतीलही. पण भागाकार, अपूर्णांक, दशांश आले की तेच मूल पुन्हा अडखळते, कारण संख्यांशी त्याची ओळखच झालेली नसते. ‘मला गणित येत नाही’ हा समज अनेकदा इथेच, सातव्या-आठव्या वर्षी पक्का होतो.

वर्गात सुरुवात कशी करायची?

थेट रेघेपासून नाही. आधी शंभर मण्यांची माळ : दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, असे आलटून पालटून. दिल्लीच्या ‘जोडो ग्यान’ या संस्थेने ‘गणितमाला’ या नावाने ती भारतातल्या वर्गांत नेली. बाजारातून मणी आणि सुतळी आणून ती शाळेतही ओवता येते. ३८ व्या मण्यानंतर कपड्यांचा चिमटा लावला की चाळीसला दोन मणी कमी आहेत, हे डोळ्यांना दिसते. नंतर तीच माळ फळ्यावर रेघ म्हणून काढायची. मग मणी पुसले जातात, रेघ उरते. शेवटी रेघही डोक्यात जाते आणि कागद कोरा राहतो.

त्याआधी एक तयारी मात्र पक्की हवी : दहाच्या जोड्या. सात-तीन, आठ-दोन, सहा-चार या जोड्या चटकन सुचत नसतील, तर ३८ वरून ४० वर जायला किती लागतात हेही बोटांवर मोजावे लागेल आणि रेघेचा फायदाच राहणार नाही. तसेच कोणत्याही संख्येपासून दहा-दहाने पुढे मोजण्याचा सराव हवा : अडतीस, अठ्ठेचाळीस, अठ्ठावन्न.

घरी पालकांना हे घड्याळावर करता येईल. गाडी १०.४५ ला सुटते, प्रवास १ तास ३५ मिनिटांचा. उभी बेरीज केली तर ११.८० येते आणि मूल गोंधळते. रेघेवर १५ मिनिटे पुढे ११ वाजले, एक तास पुढे १२, उरलेली २० मिनिटे. गाडी १२.२० ला पोहोचते.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप वेळेचा. एका बेरजेला चार वाटा फळ्यावर मांडायच्या, तर पाठ्यक्रम कधी संपणार? एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असलेल्या शाळेत हा प्रश्न खरा आहे. त्यावर उपाय असा की रोज दहा गणिते सोडवण्याऐवजी तीन सोडवावीत आणि ‘तू कसे केलेस?’ हा प्रश्न दोन-तीन मुलांना विचारावा. चूक लवकर सापडली की नंतरची उजळणी वाचते.

दुसरा आक्षेप पालकांचा : ‘आम्ही हातच्यानेच शिकलो, आमचे काय बिघडले?’ ज्यांचे बिघडले नाही तेच हे म्हणतात. ज्यांनी गणिताच्या भीतीने शाळा सोडली किंवा दहावीला गणिताचा पेपर कसाबसा काढला, ते या चर्चेत सहसा बोलत नाहीत.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार, आणि तो नेदरलँड्समधूनच आला आहे. तिथेही वास्तववादी गणितावर टीका झाली. मुलांचा सराव कमी पडतो, असे अनेकांचे म्हणणे होते. २००९ मध्ये रॉयल नेदरलँड्स अकादमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसच्या समितीने उपलब्ध संशोधन तपासले. पारंपरिक पद्धत आणि वास्तववादी पद्धत यांतली एक दुसरीपेक्षा सरस असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही, असे तिने सांगितले. शिक्षकाची तयारी किती आहे, यावर तिने भर दिला. म्हणून मोकळी संख्यारेषा हा जादूचा उपाय आहे, असे कोणी विकू लागले तर सावध राहावे.

मग करायचे काय?

रेघ वर्गात आणायची, पण तिला नियम होऊ द्यायचे नाही. आपल्याकडे चांगल्या कल्पनेचे काय होते, हे जुने दुखणे आहे. परिपत्रक निघते, प्रशिक्षणाचा दिवस ठरतो, नमुना फळ्यावर येतो आणि पुढच्या चाचणीत ‘संख्यारेषेवर दशकाची उडी आधी दाखवा, २ गुण’ असा प्रश्न पडतो. त्या दिवशी मोकळी संख्यारेषा मोकळी राहत नाही. ‘हातचा विसरला’च्या जागी ‘कमान विसरला’ एवढाच फरक पडतो. ज्या मुलाला ३८ + ४७ मनातल्या मनात येते, त्याला रेघ काढायला लावणे हाही तोच प्रकार.

त्यापेक्षा क्रम बदलावा. पहिली-दुसरीत माळ, जोड्या आणि मोकळी रेघ. मूल शंभराच्या आत आपल्या वाटेने निर्धास्त फिरू लागले की मग उभी मांडणी, आणि तीही ‘आपण रेघेवर करत होतो तेच इथे थोडक्यात लिहितो’ असे सांगून. तेव्हा हातचा म्हणजे पुढच्या घरात गेलेले दहा आहेत, हे त्याला कळलेले असेल. त्यानंतर एखाद्या दिवशी घाईत वहीत ७१५ लिहिले गेलेच, तर ते खोडण्यासाठी त्याला शिक्षकाच्या लाल पेनाची वाट पाहावी लागणार नाही.